‘दुखतं का?’ एवढंच विचारलं

माझ्या अंगाला दुखत नाही. जन्मापासून नाही. हात भाजला, बोट कापलं, हाड मोडलं, तरी नाही. स्पर्श कळतो. कुणी पाठीवर हात ठेवला तर कळतं, पायावरून मुंगी चालत गेली तर कळते. दुखणं आणि चटका, एवढं मात्र माझ्या अंगाला ठाऊक नाही.

हे ऐकलं की लोक काय म्हणतात ते मला पाठ झालं आहे. “नशीबवान आहेस बाई!” बाळंतपणं झालेल्या बाया म्हणतात, दाढदुखीने जागलेले म्हणतात, आणि म्हणता म्हणता हळूच चिमटा काढून बघतात. नखं रुतवून. माझ्या दंडावर त्या चिमट्यांचे वण आहेत. या नशिबाने माझा भाऊ नेला आणि माझा डावा पाय मांडीपासून नेला. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना काही उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, म्हणूनही लिहिते आहे.

चांदूर

बाबा रेल्वेत गँगमन होते. आम्ही चांदूर रेल्वेला रुळांच्या पलीकडे राहायचो. नामदेव मोठा, मी कौसल्या धाकटी. माय म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. घरातली पोरगी घरातच राहिली, असं त्या लग्नाचं सगळ्यांना कौतुक होतं.

दात आले तेव्हा नामाने स्वतःच्या जिभेचा शेंडा चावून टाकला. मी बोटं कुरतडायची, म्हणून मायने माझ्या हातांना फडकी बांधून ठेवली होती. एकदा चुलीपाशी खेळताना नामाचा हात निखाऱ्यावर पडला. तो तसाच बसून राहिला. वास आला म्हणून माय धावली. ही गोष्ट सांगताना ती नेहमी त्या वासापाशी थांबायची, पुढचं सांगायचीच नाही.

मग तिने घरात एक शिस्त लावली. दिवेलागणीला आम्हा दोघांना कंदिलापाशी बसवायचं आणि अंग तपासायचं. तळपाय, बोटांच्या बेचक्या, डोळे, तोंड. नामाच्या टाचेत काचेचा तुकडा निघायचा आणि तो म्हणायचा, “मले काय मालूम?” त्याला खरंच मालूम नसायचं. पण काही सापडलं की दुसऱ्या दिवशी खेळायला जाणं बंद, म्हणून तो पाय दुमडून बसायचा. माय त्याचा पाय ओढायची, तो हसायचा.

लोकांना कारणं हवी असतात. आमच्या लोकांनी बौद्ध दीक्षा घेतली त्यानंतर मायने घरातले देव काढले होते. गावातली एक बाई म्हणाली, देव काढले म्हणून पोरं अशी झाली. माय रस्त्यातच उभी राहिली. “देव घरात होते तवाच झाली ना ही पोरं? मंग तवा काय करून राह्यले होते तुमचे देव?”

शाळेत गुरुजींनी मला छडी मारली. मी रडले नाही, त्यांना तो उर्मटपणा वाटला, त्यांनी आणखी मारली. हात फुटून रक्त आलं तेव्हा थांबले. दुसऱ्या दिवशी माय शाळेच्या दारात गेली. “रडत नाई मनून मारता का, गुरजी? हे पोरगी जिद्दी नाई. इले दुखतच नाई.” गुरुजी म्हणाले, असं कुठे असतं का? पोटच्या पोरीसाठी आई खोटं बोलते, एवढंच त्यांना त्यातून समजलं.

महारोग

माझ्या पायाच्या अंगठ्याला जखम होऊन ती भरेना, म्हणून मला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बडनेऱ्याला गाडी बदलायची. नामा सोबत होता, त्याला गाडीत बसायला मिळालं याचाच आनंद होता.

डॉक्टरांनी जखम पाहिली, बोटांवरचे जुने वण पाहिले, मग एक सुई घेऊन पायाला टोचली. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी जोरात टोचली. मी पाहतच होते. तेव्हा त्यांनी शेजारच्या खोलीतून आणखी दोघांना बोलावलं आणि तिघं आळीपाळीने टोचू लागले. कुणी पोटरीला, कुणी दंडाला. इंग्रजीत बोलत होते. मला रक्ताचे ठिपके दिसत होते आणि आपण काय चुकलो ते कळत नव्हतं. नामा दारातून ओरडला, “बस करा ना आता!” त्याला शिपायाने बाहेर काढलं.

आमचं आडनाव विचारून झालं. मग डॉक्टर बाबांना म्हणाले, “महारोग आहे. हिची भांडी, अंथरूण वेगळं ठेवा.”

माय पुढे झाली. “डाक्टरसाब, इच्या अंगावर पीस फिरवा, इले समजते. महारोगात थे समजत नाई. आमच्याकडे होता एक जन, मी पाह्यलं हाय.”

“बाई, तुम्ही डॉक्टर की मी?”

ते डॉक्टर होते. आम्ही चांदूरला परतलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. ज्या घरी मी अर्धा दिवस खेळायची त्या घराने दार लावून घेतलं. शाळेतून नाव काढलं. मायने माझं ताट वेगळं केलं नाही. बाबा म्हणाले, कर. ती म्हणाली, नाई करत.

पुढे आम्हाला महारोग्यांच्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाने अंगाला शिवत गेले. “कळलं की सांग.” मी प्रत्येक वेळी सांगितलं. त्यांनी कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपली, कातडीचा नमुना घेऊन तपासला. मग म्हणाले, “हा महारोग नाही.”

“मंग काय हाय?” मायने विचारलं.

“मला माहीत नाही.”

“नावच नाई त औषध काय देसान?”

“औषधही नाही, बाई. तुम्ही रोज तपासता म्हणालात ना, तेच करत राहा.”

‘मला माहीत नाही’ म्हणणारा तो पहिला डॉक्टर. त्यांच्याबद्दल आजही माझ्या मनात आदर आहे. बाबा मग मोठ्या दवाखान्यात गेले आणि पहिल्या डॉक्टरांना सांगितलं की साहेब, महारोग नाही निघाला. डॉक्टर म्हणाले, “बरं.” एवढंच. शाळेने मला परत घेतलं, पण वर्गात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. एक शब्द त्या डॉक्टरांनी टाकला होता, तो उचलायला ते परत आले नाहीत.

नामा

हे लिहायचं टाळत होते.

नामा जेवेना. उलट्या झाल्या. अंग तापलं. अंगात ताप असूनही तो बाहेर गोट्या खेळत होता, मधेच खाली बसायचा, पुन्हा उठायचा. मायने त्याचं अंग तपासलं, कुठे काटा नाही, जखम नाही. तिने त्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “हे पोट मले बराबर लागत नाई.” तिने त्याच दिवशी गाडी धरली. मीही सोबत होते.

अमरावतीला या वेळी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी नामाला टेबलावर झोपवलं, पोट दाबलं.

“दुखतं का?”

“नाई.”

“इथे?”

“नाई.”

“आता?”

“नाई,” नामा म्हणाला. तो खरं बोलणारा पोरगा होता.

माय म्हणाली, “डाक्टरसाब, त्याले दुखते का मनून इचारू नका. त्याले जन्मापासून दुखतच नाई. तुमी त्याचं पोट पाहा, त्याचं तोंड पाहा. हे पोरगं असं कधी पडून राहत नाई.”

“पोट दुखत नाही म्हणजे पोटात काही नाही. अजीर्ण आहे.”

“अवो, पन मी काय सांगून राह्यली—”

“पुढचा पेशंट!”

गुलाबी औषधाची बाटली घेऊन आम्ही परतलो. बडनेऱ्याच्या फलाटावर नामाने माझी वेणी ओढली. मी त्याला मारलं. घरी आल्यावर तो झोपला तो उठेना. पोट फळीसारखं कडक झालं. बाबांनी त्याला पाठीवर घेऊन पुन्हा गाडी गाठली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, खाटेची वाट पाहत असताना, नामा गेला.

नंतर तिथल्याच एका डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याचं अपेंडिक्स पिकून आत फुटलं होतं. सांगितलं म्हणजे मायला विचारलं. “इतके दिवस झोपला होतात का? एवढ्या दुखण्यात पोरगं ओरडलं नाही?”

मायने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दुसरीकडे वळले. परतताना बाबा बोलले. गाडीत, रडत रडत. “रोज तपासत होती ना तू त्याले? मंग तुले समजलं कसं नाई?”

बाबा वाईट माणूस नव्हते. पण साहेबासमोर ज्यांची मान वर होत नाही त्यांचा राग घरी येऊन पडतो. त्या वाक्यानंतर आमच्या घरात स्वयंपाक झाला, कामं झाली, सगळं झालं. फक्त ते दोघं एकमेकांच्या समोर बसून जेवले नाहीत.

पाय

मी वयात आले आणि माझा डावा गुडघा सुजला. आत हाड मोडलेलं होतं आणि मी त्यावर चालत होते, कारण चालू नको असं मला आतून कुणी सांगतच नव्हतं. तुमचं दुखणं तुम्हाला बसवतं, निजवतं. मला बसवणारं कुणी नाही. हाड कुजलं, ताप आला आणि मला त्याच दवाखान्यात भरती केलं.

सकाळी फिनाईलचा वास, मग झाडू, मग साहेबांची फेरी, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी अख्खा वॉर्ड कण्हायचा आणि मी छताकडे पाहत पडलेली असायची. शेजारच्या खाटेवर दर्यापूरकडच्या मंजुळाबाई होत्या, स्टोच्या भडक्यात पाय भाजलेल्या. पहिल्यांदा त्या माझ्यावर चिडल्या. “आमी इतं मरून राह्यलो न हे पाहा कशी राणीवानी पडली हाय!” मायने त्यांना सगळं सांगितलं. त्यानंतर त्यांच्या घरून भाकर-ठेचा आला की माझा वाटा निघायचा, आणि माय बाहेर गेली की त्याच माझ्या पाठीखाली हात घालून बघायच्या, चादरीला रक्त लागलं का. स्वतःला उठवत नव्हतं तरी. त्या वॉर्डात माणुसकी होती ती अशी, खाटेवरच्या माणसांकडे.

पहिलं ऑपरेशन हाड खरवडायचं होतं. सर्जन साहेबांना कुणीतरी माझी ख्याती सांगितली होती. ते खुशीत म्हणाले, “मग हिला भूल कशाला? वेळ वाचेल.” आणि आणखी चार जणांना बघायला बोलावलं.

मला दुखलं नाही. हे मी पुन्हा लिहिते, मला दुखलं नाही. पण सुरी कातडीत शिरली ते कळलं. मांस बाजूला ओढलं ते कळलं. गरम काहीतरी पायाखाली साचत गेलं, तेही कळलं, गरम नव्हे, ओलं. आणि हाडावर हत्यार घासलं जात होतं त्याचा आवाज बाहेरून नाही, आतून, माझ्या दातांत येत होता. मी ओरडले, “थांबा!”

साहेब थांबले. “दुखतं का?”

“नाही.”

“मग?”

त्या ‘मग’ला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी काम पुढे चालू केलं. आता उत्तर आहे. मग काय? मी लाकूड आहे का? माझ्या डोळ्यांसमोर माझा पाय उघडा पडला आहे, त्यात अनोळखी माणसं वाकून बघताहेत, आणि माझी भीती मोजायला तुमच्याकडे हत्यार नाही म्हणून ती नाहीच?

मी हे मायला सांगितलं नव्हतं. तिने माझं तोंड पाहिलं आणि तिला समजलं.

हाड सुधारलं नाही. पाय कापावा लागेल असं ठरलं. त्या सकाळी मला स्ट्रेचरवर घेऊन निघाले तेव्हा माय ऑपरेशनच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला लावून.

“भूल देल्याबिगर मायी पोरगी आत जानार नाई.”

“अहो बाई, तिला दुखत नाही. भूल देण्यात उलट धोका असतो.”

“तिले दुखत नाई, पन समजते. तुमचा पाय कापतो मनलं त तुमी पाहत बससान का?”

बाबांनी तिचा दंड धरला. “चाल बाजूले. साहेब चिडून राह्यले.”

“चिडू द्या. एकडाव याइचं आयकलं त पोरगं गेलं. आता नाई आयकत.”

साहेब खरंच चिडले. दवाखान्यातून काढून टाकीन म्हणाले. माय म्हणाली, काढा, मी इथंच बसते. व्हरांड्यातले लोक जमले. मंजुळाबाई भिंतीला धरून कशाबशा आल्या होत्या, त्या मोठ्याने म्हणाल्या, “देऊन टाका ना भूल, तुमच्या घरची पोरगी असती त?” तेवढ्यात आतल्या सिस्टरने कुणालाही न विचारता ईथरची बाटली काढून मांडली. साहेबांनी ती पाहिली. ते हात धुवायला वळले. मायने चौकटीवरचे हात काढले.

जाग आली तेव्हा ओकारी येत होती आणि माय तसराळं धरून बसली होती.

“झालं?” मी विचारलं.

“झालं. तुले काही समजलं का?”

“नाही.”

नामा गेला तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

अकोला

कुबड्यांवर मॅट्रिक झाले. अकोल्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली, बसून करायचं काम. कुबडीने काखेत जखम झाली म्हणून तिथल्या एका तरुण डॉक्टरणीकडे गेले. मी माझी गोष्ट सांगितली. चिमट्याची वाट पाहत होते. तिने चिमटा काढला नाही. तिने विचारलं, “तुम्हाला काय काय जाणवतं, ते सांगा.” आणि ऐकत बसली. बाहेर पेशंट खोळंबले होते.

काही दिवसांनी तिने मला पुन्हा बोलावलं. तोवर तिने वाचलं होतं. असा आजार थोड्या लोकांत जन्मतः असतो, तो पुस्तकांत नोंदलेला आहे, हे तिने पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाली, “मूल पोटात असताना मज्जातंतू अंगभर वाढत जातात, रोपाची मुळं वाढतात तसे. परदेशात अलीकडे असं सापडलं आहे की शरीरात एक द्रव्य असतं. ते मिळालं तर काही तंतू वाढतात आणि जगतात, नाही मिळालं तर वाळून जातात. मला वाटतं, तुमच्यात दुखणं पोचवणारे तंतू असेच वाळले असावेत. पण हा माझा अंदाज, सिद्ध झालेलं नाही. आई-वडील एका रक्ताचे आहेत, दोघांकडून अर्धं अर्धं आलं असणार.”

तिचा अंदाज बरोबर होता असं पुढे म्हातारपणी वाचनात आलं. म्हणजे दूर कुठल्या देशात कुणी काचेच्या बशीत एवढासा तंतू जपत, वाढवत होतं, त्याच वर्षांत अमरावतीत तिघं जण मला सुया टोचत होते. त्यांना ते द्रव्य ठाऊक नव्हतं, याबद्दल माझी तक्रार नाही. कुणालाच नव्हतं. पण समोर उभ्या बाईचं वाक्य पुरं होऊ द्यायला कुठला शोध लागावा लागत होता?

तुमच्या घरी असं मूल असेल तर ऐका. रोज उजेडात बसवून अंग तपासा, जोडे झटकून घाला, अंघोळीचं पाणी आधी तुम्ही बघा. मूल गप्प झालं, जेवेना झालं, तर तेच त्याचं ओरडणं समजा. आणि डॉक्टरकडे गेलात की वाक्य अर्धं सोडू नका. ‘पुढचा पेशंट’ म्हणाले तरी खुर्चीवरून उठू नका.

डॉक्टरणीने सांगितलं त्याच रविवारी मी चांदूरला गेले. माय अंबाडी निवडत बसली होती, बाबा खाटेवर होते. मी सगळं सांगितलं. मायचे हात चालू होते.

“मंग मी काही खाल्लं-प्यालं मनून नाई झालं?”

“नाही.”

“देव काढले मनून?”

“नाही, माय.”

“याइच्याकडून बी आलं?” बाबांकडे न बघता तिने विचारलं.

“दोघांकडून. अर्धं अर्धं.”

तिने अंबाडीची दुसरी जुडी पुढे ओढली. मग म्हणाली, “नाम्या वाचला असता का?”

हे मी डॉक्टरणीला विचारून आले होते. पोट वेळेवर उघडलं असतं तर बहुतेक वाचला असता, ते ऑपरेशन तेव्हाही सर्रास होत होतं, असं ती म्हणाली होती. खोटं सांगावं असं वाटेत कितीदा मनात आलं. पण मायने माझं तोंड पाहिलं असतं.

“वाचला असता,” मी म्हटलं. “त्या दिवशी त्यांनी तुझं ऐकलं असतं तर.”

मायने हातातली भाजी खाली ठेवली आणि खाटेकडे वळली. बाबा उठून बसले होते.

“आयकलं का?” ती त्यांना म्हणाली. “मले समजलं होतं.”